‘त्याच्याने पाप करवत नाही’ याचा अर्थ कसा घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याजवळ राहणाऱ्या एक ताई, माहेर सावंतवाडीकडचे, दोन वर्षांपासून शुक्रवारच्या घरसभेला जातात. सभा चालवणारे बंधू सांगतात की प्रभू रोज पहाटे त्यांच्याशी शब्दांत बोलतो आणि खऱ्या विश्वासणाऱ्याला ही वाणी ऐकू आलीच पाहिजे. त्यांचे दुसरे म्हणणे असे की ज्याचा नवा जन्म झाला तो पाप करत नाही. त्यासाठी ते योहानाच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायाचे नववे वचन दाखवतात. ताई लिहितात, ‘मला आजवर एकदाही आवाज ऐकू आला नाही. सासूबाईंवर अजून ओरडते, ऑफिसात खोटे बोलून वेळ मारून नेते. शेजारची कॅथलिक मावशी दर महिन्याला कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला, जाते आणि म्हणते, मरेपर्यंत आपण पापीच. मग माझे तारण झालेच नाही का? की मावशीचेच खरे?’

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. गेली तीस वर्षे मी गोव्यात मराठी मंडळीची सेवा करतो आहे. हाच प्रश्न घेऊन माणसे माझ्या ओट्यावर बसली आहेत, तिस्क-उसगावच्या चहाच्या गाड्यावर भेटली आहेत, एकदा तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळात वॉर्डाबाहेरच्या बाकावर. त्यांतल्या बऱ्याच जणांची झोप उडालेली होती. म्हणून आधी उत्तर देतो, कारणे मग सांगतो. आवाज ऐकू आला नाही म्हणजे तारण झाले नाही, असे पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. सासूबाईंवर ओरडल्यावर ते रात्री तुम्हांला टोचते, हे तुमच्या आत काहीतरी जिवंत असल्याचे लक्षण आहे. आणि तो राग तसाच राहू द्यायचा नाही, हेही तितकेच खरे.

आता ते वचन. ‘जो कोणी देवापासून जन्मलेला आहे तो पाप करत नाही... त्याच्याने पाप करवत नाही.’ वचन कडक आहे आणि त्याला पाणी घालून पातळ करू नये. पण हेच पत्र पहिल्याच अध्यायात म्हणते, ‘आपल्या ठायी पाप नाही असे जर आपण म्हणत असलो तर आपण स्वतःला फसवतो.’ योहान इथे ‘आपण’ म्हणतो, म्हणजे स्वतःलाही त्यात धरतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो सांगतो की तुम्ही पाप करू नये म्हणून मी हे लिहितो आहे, आणि लगेच पुढे, कोणी पाप केलेच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. ‘कैवारी’ हा आपल्या मराठी बायबलातला शब्द मला फार आवडतो. ज्याची बाजू पडती आहे त्याचाच कैवार घ्यावा लागतो. पाचव्या अध्यायात तर स्पष्ट आहे, आपला भाऊ पाप करताना दिसला तर त्याच्यासाठी प्रार्थना करावी. भाऊ म्हणजे बाहेरचा कोणी नाही, मंडळीतलाच.

मग तिसऱ्या अध्यायाचे काय? आमच्या पाळकांत एक उत्तर नेहमी दिले जाते. मूळ ग्रीकमधले क्रियापद चालू क्रियेचे आहे, म्हणून अर्थ ‘पाप करत राहत नाही’ असा घ्यावा. हे उत्तर मी स्वतः अनेक वर्षे शिकवले. त्यात तथ्य आहे, पण सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही, कारण पाचव्या अध्यायात जो भाऊ पाप करताना दिसतो त्याच्यासाठीही चालू क्रियेचेच रूप वापरले आहे. केवळ काळावर बोट ठेवून हा पेच सुटत नाही.

मला अधिक उजेड मिळाला तो आपल्या मराठी वाक्यातून. ‘त्याच्याने पाप करवत नाही.’ आपण हे रूप रोज वापरतो. तापातून उठलेले मूल म्हणते, ‘आई, माझ्याने जेववत नाही.’ म्हातारे वडील म्हणतात, ‘आता चढण चढवत नाही.’ म्हणून मूल एकही घास खात नाही असे नसते, आणि वडील कधीकधी दम खात चढतातही. पण ते अंगाला मानवत नाही, सुखाने होत नाही. ग्रीकमध्ये सरळ ‘शकत नाही’ असा शब्द आहे, त्यामुळे मराठीच्या या छटेवर सिद्धांत उभारू नये, हे मान्य. तरी योहानाच्या पत्राचा सगळा रोख पाहिला तर ही छटा त्याच्याशी जुळते. देवाचे बीज आत पडले आहे, म्हणून पाप आता पचत नाही. खाल्ले तर उलटून पडते. ताई, ऑफिसात खोटे बोलल्यावर दुपारचा डबा तुम्हांला गोड लागतो का, ते स्वतःला विचारा. दहा वर्षांपूर्वी लागत होता का, तेही विचारा.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात वेगळे चित्र वापरले आहे, मालक आणि दास यांचे. गोव्यातल्या माणसाला ते समजावायला मी भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, घेतो. १९७५ चा मुंडकार कायदा आला, मुंडकाराला घरातून हुसकावण्याची भाटकाराची सत्ता गेली, पुढे घर विकत घेऊन नावावर करण्याचा हक्कही मिळाला. माझ्या ओळखीचे एक वृद्ध मुंडकार होते. घर नावावर झालेले, कागद लोखंडी पेटीत, पेटीची किल्ली करदोट्याला. तरीही भाटकाराचा मुलगा वाटेने गेला की हे ओट्यावरून उठून उभे राहायचे. खांद्यावरचा टॉवेल हातात यायचा. मी एकदा विचारले, ‘आता कशाला उठता?’ तर म्हणाले, ‘पाय उठतात, पास्टर. मी नाही उठत.’ पाप पूर्वी आपल्यावर राज्य करत होते. ख्रिस्ताने ते राज्य मोडले, कागद आपल्या नावावर केला. पण पायांची सवय राहते. कायद्याने कोणी उठवू शकत नाही आणि तरीही माणूस उठतो, या दोन्ही गोष्टी एकाच ओट्यावर एकाच वेळी खऱ्या असतात. त्यांच्या नातवाचे पाय मात्र उठत नाहीत, हेही मी पाहिले आहे.

हा वाद तुमच्या घरसभेत सुरू झालेला नाही. ४१८ साली उत्तर आफ्रिकेत कार्थेजला बिशपांची परिषद भरली. पेलागियस नावाच्या शिक्षकाच्या मताचे लोक म्हणत होते की माणूस ठरवले तर पापाशिवाय राहू शकतो. मग प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ या ओळीचे काय करायचे? कोणी म्हणे, संत ती ओळ स्वतःसाठी म्हणत नाहीत, लोकांसाठी म्हणतात. कोणी म्हणे, नम्रतेपोटी म्हणतात, खरेपणाने नव्हे. परिषदेने दोन्ही पळवाटा बंद केल्या. संतसुद्धा ती ओळ स्वतःसाठी आणि खरी म्हणूनच म्हणतात. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. येशूने आपल्या शिष्यांना, म्हणजे विश्वासणाऱ्यांनाच, ती प्रार्थना शिकवली. रोजची भाकर जितक्या वेळा मागायची तितक्या वेळा क्षमाही मागायची, दोन्ही ओळी लागोपाठ आहेत. तुमचे बंधू घरसभेच्या शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणत असतील, तर ते स्वतःच्या शिकवणीला दर शुक्रवारी तोंडाने उत्तर देतात.

तुमच्या मावशीच्या कॅथलिक मंडळीनेही यावर नेमके बोलून ठेवले आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली ठरवले की देवाच्या खास कृपेवाचून, जशी पवित्र मरियेला मिळाली असे ते मानतात, कोणीही माणूस आयुष्यभर सगळी पापे, अगदी लहानसहानसुद्धा, टाळू शकत नाही. ते प्राणघातक पाप आणि क्षुल्लक पाप असा भेद करतात आणि त्याचा आधार योहानाच्या याच पत्राच्या पाचव्या अध्यायात शोधतात. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन लूथर म्हणत, विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. ट्रेंटला लूथरचे पुष्कळ काही अमान्य होते, पण विश्वासणाऱ्याच्या हातून पाप घडते यावर वाद नव्हता. ‘जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही’ हे रोमकरांच्या सातव्या अध्यायातले पौलाचे रडणे विश्वासापूर्वीचे की नंतरचे, यावर मात्र आजही विद्वानांत दोन तट आहेत. प्राचीन मंडळीतला मोठा शिक्षक ऑगस्टीन, त्यानेसुद्धा आधी एक मत धरले, पुढे बदलले, आणि बदलले हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

तुमच्या बंधूंच्या बाजूने बोलू शकेल असा मोठा माणूस म्हणजे मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली. अठराव्या शतकात त्यांनी पूर्ण पवित्रीकरणाची शिकवण दिली, की देव या आयुष्यातच माणसाचे मन प्रीतीने इतके भरू शकतो की जाणूनबुजून पाप करणे थांबते. पण त्यांची व्याख्या नीट पाहा. ज्ञात आज्ञेचे जाणूनबुजून केलेले उल्लंघन, एवढ्यालाच ते इथे पाप म्हणत होते. नकळत घडलेल्या चुकांसाठीसुद्धा ख्रिस्ताच्या रक्ताची गरज आहेच, असे ते बजावत. आणि आपण स्वतः त्या अवस्थेला पोहोचलो आहोत असा दावा त्यांनी केला नाही. मी वेस्लीच्या मताचा नाही. पण त्यांची तळमळ मला पटते. ‘आपण पापीच’ हे वाक्य आळसाची उशी होऊ शकते, आणि त्या उशीवर झोपलेली माणसे मी माझ्याच मंडळीत पाहिली आहेत. मावशींचे वाक्य खरे आहे. ते कोण कशासाठी म्हणतो, यावर मात्र पुष्कळ अवलंबून आहे. दर महिन्याला उठून कुमसाराला जाणारी बाई आळसाने म्हणत नसावी.

एक गोष्ट आपल्या मराठी मुलखातली सांगतो, कारण आपण ती विसरत चाललो आहोत. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ च्या पावसाळ्याच्या तोंडाला मोठे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झाले. आज अनेक घरसभा ज्या आत्म्याच्या वर्षावाबद्दल बोलतात, त्याचा मराठी इतिहासातला सर्वांत ठळक प्रसंग तो. तिथे सुरुवात कशाने झाली? मुली आपापली पापे आठवून रडू लागल्या, उघडपणे कबूल करू लागल्या. पवित्र आत्मा जवळ आला तेव्हा त्या मुलींना पहिल्यांदा आपले पाप दिसले.

आता वाणीकडे येतो.

योहानाने ज्या पत्रात ‘पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो’ लिहिले, त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात तो लिहितो की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, ते देवापासून आहेत की नाहीत याची परीक्षा करा. तुमचे दोन्ही प्रश्न एकाच पत्रात शेजारी शेजारी आहेत, हा योगायोग नव्हे. काही लोक मंडळी सोडून गेले होते, आणि राहिलेल्यांच्या मनात तुमच्यासारखीच धाकधूक होती, की ते खरे आणि आपण खोटे तर नाही? ‘मी पाप करत नाही’ आणि ‘देव माझ्याशी थेट बोलतो’ ही दोन वाक्ये एकाच तोंडी आली की त्या माणसाला प्रश्न विचारायची सोय उरत नाही. चूक काढली तर तो म्हणणार मी पाप करत नाही, शंका काढली तर म्हणणार देव बोलला. योहान दोन्ही दारे उघडी ठेवतो. पाप पदरी घ्या, आत्म्याची परीक्षा करा. माणूस तपासाच्या पलीकडे गेला की तिथून पुढे सगळ्यांनाच धोका असतो, त्याला स्वतःलाही.

हे मी दुसऱ्यांविषयी बोलतो आहे असे समजू नका. आमच्या मंडळीत एक ट्रकवाले बंधू होते. खाणीवर एक टिपर चालत होता, दुसरा कर्जाने घ्यावा की नाही म्हणून ते प्रार्थनेला आले. मी डोळे मिटून प्रार्थना केली, मनात एकदम आनंद दाटला, आणि मी म्हणालो, ‘प्रभू म्हणतो, घे.’ ही २०१२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी बंद केल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. दुसऱ्या पावसाळ्यात मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा दोन्ही टिपर अंगणात उभे होते. नव्याच्या मागच्या चाकांवर वेल चढला होता, पार मडगार्डपर्यंत. बँकेचे पासबुक टेबलावर होते. मी हात जोडले आणि म्हणालो, ‘ते प्रभू बोलला नव्हता. मी बोललो होतो.’ बंधू गप्प राहिले. त्यांच्या बायकोने चहा ठेवला आणि शांतपणे म्हणाली, ‘पास्टर, आम्हांला ते तेव्हाच ठाऊक असते तर आम्ही अजून दोघांना विचारले असते.’ तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अजून माझ्या कानात आहे. देवाचे नाव घेऊन मी त्यांची विचार करायची सोय काढून घेतली होती. तेव्हापासून ‘प्रभू म्हणतो’ हे शब्द मी छापील वचन वाचतानाच वापरतो. मनात काही आले तर सांगतो, ‘मला असे वाटते आहे, तुम्ही पारखून घ्या.’

शास्त्रात याची नेमकी कथा आहे, पण ती घरसभेत क्वचित वाचली जाते. पहिले राजे, तेरावा अध्याय. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला देवाने सांगितले होते की इथे भाकर खाऊ नकोस, पाणी पिऊ नकोस. वाटेत एक वृद्ध संदेष्टा भेटला आणि म्हणाला, देवदूताने मला सांगितले आहे, तुला घरी नेऊन जेवू घालायचे. तो खोटे बोलत होता. देवाचा माणूस त्याच्या घरी जेवला आणि परतताना सिंहाने त्याला मारले. संदेष्टा खरोखरचाच संदेष्टा होता, वयाने मोठा होता, देवदूताचे नाव घेत होता. तरीही देवाने आधी दिलेल्या शब्दाशी त्याचे बोलणे जुळवून पाहायला हवे होते.

‘माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात’ हे योहान दहाव्या अध्यायातले वचन तुम्हांला दाखवले गेलेच असेल. त्याच्या चार ओळी वरपासून वाचा. हिवाळा आहे, मंदिरात लोक येशूला घेरून विचारतात, तू ख्रिस्त असशील तर उघड सांग. तो म्हणतो, मी सांगितले, तुम्ही विश्वास धरत नाही, कारण तुम्ही माझ्या मेंढरांतले नाही. म्हणजे इथे वाणी ऐकणे म्हणजे येशू कोण आहे हे ओळखून त्याच्यामागे जाणे. रोज पहाटे कानात शब्द पडण्याचा तिथे विषयच नाही. सांगे-केप्याकडे धनगराने हाक घातली की म्हशी मान वर करतात, परक्याच्या हाकेला करत नाहीत. त्या हाकेचा अर्थ एकेक शब्द करून लावत नाहीत, हाक कोणाची ते ओळखतात. ताई, तुम्ही येशूचे नाव ऐकून मागे निघालात ना? मग वाणी तुम्ही ऐकली आहे.

देव आज शब्दांत बोलतो का, यावर ख्रिस्ती लोकांत मोठे दोन पक्ष आहेत. सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे प्रोटेस्टंट श्रद्धेचे लेखी निवेदन, म्हणतो, देवाने आपली इच्छा प्रकट करण्याच्या पूर्वीच्या पद्धती आता थांबल्या आहेत, कारण ती इच्छा शास्त्रात लिहून झाली. पेंटेकॉस्टल बंधू म्हणतात, संदेशाचे दान थांबलेले नाही, आणि थेस्सलनीकाकरांस लिहिलेले ‘संदेशांचा धिक्कार करू नका’ हे वचन पुढे करतात. त्याच्याच पुढचे वाक्य आहे, ‘सर्व गोष्टींची पारख करा.’ मी स्वतः पहिल्या पक्षात पूर्णपणे नाही. देव मनात काही घालतो हे मी अनुभवले आहे. पण ‘पारख करा’ शिवाय ‘धिक्कार करू नका’ घेता येत नाही. करिंथच्या मंडळीलाही पौल सांगतो, दोघांतिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी निर्णय करावा.

पारख करताना एक गोष्ट हमखास चुकते. प्रेषितांच्या कृत्यांतल्या एकविसाव्या अध्यायात अगब संदेष्टा पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो, या पट्ट्याच्या मालकाला यरुशलेमात असे बांधतील. ऐकणारे सगळे रडून विनवतात, जाऊ नकोस. पौल जातो. संदेश खरा होता, त्यातून लोकांनी काढलेला निष्कर्ष पौलाने मानला नाही. संदेश एक आणि त्याचा अर्थ दुसरा. माझ्या टिपरच्या गोष्टीतही बहुधा असेच झाले. आनंद खरा असेल. ‘घे’ हा शब्द माझा होता.

कार्मेल संघाचे संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी सोळाव्या शतकात लिहिले की काही माणसे प्रार्थनेत शांत बसतात, मन स्वतःच शब्द जुळवते, आणि ती उठून म्हणतात, देव मला असे म्हणाला. देवाने आपल्या पुत्रातून सर्व काही सांगून टाकले आहे, मग नव्या शब्दांची हाव कशाला, असेही ते विचारतात. तुमच्या मावशींच्या परंपरेतलाच हा माणूस, आणि मी प्रोटेस्टंट असून त्यांचे हे बोलणे माझ्या तरुणांना वाचून दाखवतो.

आणि जुन्या गोव्यात ज्यांच्या फेस्ताला डिसेंबरात आपली हिंदू शेजारची माणसेही जातात, ते गोंयचो सायब, फ्रान्सिस झेवियर, गोव्यात कसे आले? पोर्तुगालच्या राजाला भारतात पाठवायला माणसे हवी होती. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस याने दुसऱ्या एका साथीदाराला निवडले होते, बोबादिया त्याचे नाव. तो आजारी पडला. १५४० च्या मार्च महिन्यात आयत्या वेळी झेवियरना विचारले, ते हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी रोमहून निघाले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोहोचले. आकाशातून आवाज आला नव्हता. एका माणसाचे दुखणे, दुसऱ्याची विनंती, तिसऱ्याची तयारी. देव असाही चालवतो, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा असाच चालवतो.

शमुवेलाची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. देवाने हाक मारली, मुलगा तीनदा एलीकडे धावला. वाणी देवाची आहे हे ओळखले कोणी? डोळ्यांनी अंधूक झालेल्या, आपल्या मुलांना आवरू न शकलेल्या एलीने. आणि वाणीत होते काय? त्या एलीच्याच घराण्यावरचा न्याय. म्हाताऱ्याने तो ऐकला आणि म्हणाला, तो परमेश्वर आहे, त्याला बरे वाटेल ते तो करो. जी वाणी नेहमी बोलणाऱ्याच्याच बाजूने निकाल देते, ती मला खटकते.

आता तुमच्या झोपेबद्दल. देव पाप दाखवतो तेव्हा बोट ठेवून दाखवतो. आज दुपारी तांदूळ निवडताना तू सासूबाईंना जे बोललीस, ते. त्यातून पुढची वाट दिसते, माफी मागायची, परत जायचे. ‘तू आहेसच तशी, तुझे काही खरे नाही’ असे धुरकट बोलणे मनात येते, त्यातून कुठलीच वाट निघत नाही. ते देवाचे धरू नका. योहान त्याच तिसऱ्या अध्यायात म्हणतो, आपले मन आपल्याला दोषी ठरवते तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. इग्नेशियस स्वतः १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसाला याच जाळ्यात अडकला होता. जुनी पापे पुन्हा पुन्हा कबूल करायचा, समाधान नाही, जीव द्यावा इतका कासावीस झाला. शेवटी त्याने ठरवले, जे एकदा कबूल केले ते पुन्हा उकरायचे नाही. तिथून तो सावरला. पुढे त्याने शिष्यांना शिकवले की मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. म्हणून ‘माझे तारण झाले नाही’ असा निकाल रात्री दोन वाजता लावू नका. तो वेळ निकालाचा नाही.

एवढे मात्र काळजीपूर्वक वाचा. ही बेचैनी महिनोन्महिने टिकली, तेच तेच विचार थांबतच नसतील, जेवण-झोप तुटली, किंवा तुम्हांला वा घरात कोणाला खरोखरच कानात आवाज येऊ लागले, विशेषतः इजा करायला सांगणारे, तर थांबू नका. बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे, तिथे जा. मी माणसांना स्वतः घेऊन गेलो आहे. प्रार्थना आणि गोळी एकाच दिवशी घेता येतात.

सासूबाईंचे काय करायचे, ते शास्त्रात एका मराठी शब्दात आहे. ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे.’ पदरी घेणे म्हणजे ‘त्या अशा बोलल्या म्हणून मी तशी बोलले’ हे वाक्य अर्ध्यावर तोडणे. फक्त ‘मी तशी बोलले, चुकले’. त्या माफ करतील न करतील. ऑफिसातल्या खोट्याचे एकच उदाहरण निवडा, सर्वांत ताजे, आणि ज्याच्याशी बोललात त्याला खरे सांगा. पोटात गोळा येईल, येऊ दे.

घरसभा लगेच सोडा असे मी म्हणत नाही. त्या बंधूंना एकटे गाठून, बायबल हातात धरून विचारा, ‘दादा, तुम्हांला पहाटे जे ऐकू येते ते आम्ही पारखून घेतले तर चालेल ना?’ ते हो म्हणाले तर त्यांच्यासोबत राहा, त्यांना तुमची गरज आहे. विचारल्याबद्दल तुमच्या विश्वासावरच शंका घेतली, तर दुसरी मंडळी पाहा. आणि येत्या शुक्रवारी वचनवाचनाची पाळी मागून घ्या. योहानाचे पहिले पत्र ३:९ पासून नको, १:१ पासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा. पाचही अध्याय वीसेक मिनिटांत होतात.